लांजेवार मॅडमची उलटी बैठक

आमच्या प्रशिक्षण केंद्रात नवी तुकडी आली की पहिल्याच सकाळी माझं आणि लांजेवार मॅडमचं वाजायचं. कारण एकच, मंच. मी आदल्या दिवशी घाम गाळून मंच सजवलेला असायचा. टेबलावर हिरवं कापड, पाण्याच्या बाटल्या, मधोमध फुलदाणी आणि मागे मोठा फलक : 'लोकसेवकांसाठी व्यवस्थापन व नेतृत्व विकास प्रशिक्षण'. मॅडम यायच्या, दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "मेश्रामबाबू, बारसं हाये का कोनाचं?"

मी त्या केंद्रात समन्वयक होतो. नाव भारदस्त आहे, पण काम म्हणजे खुर्च्या मांडणं, चहा सांगणं, हजेरी घेणं आणि वीज गेली की जनरेटरवाल्याच्या विनवण्या करणं. त्यामुळे मंच हा माझ्या कर्तबगारीचा एकमेव दाखवण्याजोगा भाग होता. एकदा मी चिडून विचारलं, "मॅडम, चार खुर्च्या जराशा उंचावर ठेवल्या तर बिघडतं काय?"

"बिघडत काही नाई," त्या म्हणाल्या. "वरच्याले खालचं आयकू येत नाई, इतकंच."

मग शिपाई आणि मी मिळून ते टेबल फुलदाणीसकट व्हरांड्यात नेऊन ठेवायचो. आमच्या केंद्राच्या व्हरांड्याइतका सजलेला व्हरांडा भंडारा शहरात दुसरा नसेल. मॅडम आत खुर्च्यांचं रिंगण करायच्या आणि त्यातल्याच एका खुर्चीवर बसायच्या. बाहेरून कोणी डोकावलं तर शिकवणारं कोण आणि शिकणारे कोण, हे कळायचं नाही.

दिसायला त्या अगदी साध्या होत्या. बुटकी चण, जाड भिंगांचा चष्मा, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि गुडघे दुखतात म्हणून साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. वरठीहून स्कूटीवर यायच्या. पवनीकडच्या एका धानाच्या गावात जन्मलेल्या, ग्रामसेविका म्हणून नोकरीला लागलेल्या, आणि पायरी पायरीने वर चढत शेवटी साहेब लोकांना शिकवायला आलेल्या. बोलणं मात्र त्यांनी गावातून उचलून आणलं तसंच ठेवलं होतं. पुण्या-साताऱ्याकडून बदलून आलेले अधिकारी पहिल्या दिवशी एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसायचे. बाईंना शुद्ध बोलता येत नाही, असं त्यांना वाटायचं. येत होतं. पण मॅडम शुद्ध मराठी फक्त रागावल्यावर बोलायच्या. "आपण जरा बाहेर येता का?" असं त्यांनी म्हटलं की ज्याला म्हटलं त्याचे हातपाय गळायचे. हे मी स्वतः अनुभवलेलं आहे. कारण सांगत नाही.

त्यांची एक अट असायची. तालुक्याचा साहेब एकटा पाठवू नका, त्याच्यासोबत त्याच्या हाताखालची माणसंही पाठवा. "एकटा शिकून गेला तं तठी जाऊन का भिंतीवर नेतृत्व करन?" असं त्या वरच्या कार्यालयाला फोनवरच विचारायच्या. म्हणून त्यांच्या वर्गात गटविकास अधिकारी, विस्तार अधिकारी, ग्रामसेवक, लिपिक, अगदी गाडीचा चालकसुद्धा एकाच रिंगणात बसलेला असायचा. पहिला अर्धा दिवस सगळे अवघडलेले असत. साहेबाच्या शेजारच्या खुर्चीत चालक असा बसायचा की खुर्चीला त्याचा स्पर्शही होऊ नये.

मॅडमची सगळी शिकवण एका गोष्टीत होती. तिला त्या उलटी बैठक म्हणायच्या. आपल्याकडे बैठक म्हणजे काय होतं ते सर्वांना माहीत आहे. साहेब येतात, साहेब बोलतात, आणि मग बाकीचे साहेबांचंच बोलणं थोडं थोडं वाटून घेऊन परत बोलतात. मॅडमच्या बैठकीत सर्वांत धाकट्या हुद्द्याचा माणूस आधी बोलायचा. मग त्याच्या वरचा, मग त्याच्याही वरचा. साहेब सर्वांत शेवटी. आणि साहेबांना मध्येच तोंड उघडण्याचा मोह होऊ नये म्हणून मॅडमकडे औषध होतं. भंडाऱ्याच्या बाजारातली एक पितळी डबी होती, तिच्यात खडीसाखर. बैठक सुरू होताना साहेबांच्या जिभेवर एक चांगला टपोरा खडा ठेवायचा. चावायचा नाही. तो आपोआप विरघळेपर्यंत साहेबांनी बोलायचं नाही. ज्यांना साखरेचा आजार त्यांना लवंग. लवंग विरघळत नाही, त्यामुळे त्यांचे हाल जास्त.

मी मागे बसून हे बघायचो. सांगतो, त्यासारखी करमणूक नव्हती. कोणी तांबडेलाल व्हायचे, कोणी कागदावर काहीतरी खरडून शेजाऱ्याला दाखवायचे, कोणी नुसत्या भुवयांनी हुकूम सोडायचे. मॅडम त्या भुवयांवरही हरकत घ्यायच्या. "साहेब, कपाळानं बोलू नका जी."

एका वर्षी खुद्द जिल्ह्याचे मोठे साहेब उद्घाटनाला आले. भाषण टाईप करून आणलेलं होतं. मला वाटलं, आज तरी मॅडम गप्प बसतील. कसल्या बसतात! त्यांनी हात जोडून साहेबांना रिंगणातली एक खुर्ची दाखवली आणि म्हणाल्या, "साहेब, आमच्याकडं पाहुने शेवटी बोलतात." मग एका शिपायापासून सुरुवात झाली. तुम्हाला या शिबिरातून काय पाहिजे, असा प्रश्न होता. शिपाई म्हणाला, साहेबांनी घंटी वाजवण्याआधी काम काय ते ठरवावं, म्हणजे माझ्या चकरा वाचतील. एक तलाठी म्हणाली, गावात गेलं की लोक मलाच सरकार समजून भांडतात, तेव्हा काय बोलायचं ते शिकवा. असं करत करत पाळी मोठ्या साहेबांवर आली. त्यांनी भाषणाचा कागद काढला, बघितला, घडी करून परत खिशात ठेवला. म्हणाले, "यातलं निम्मं यांनी सांगून टाकलं. उरलेलं निम्मं मला आता तितकंसं पटत नाही." आणि मोकळेपणी हसले. माणूस दिलदार होता. पुढे माझ्याशी बोलताना ते मॅडमचा उल्लेख 'तुमच्या हेडमास्तरीणबाई' असा करायचे.

मॅडमची आणखी एक खोड होती. सरकारी भाषेत कोणी म्हणालं की 'कार्यवाही करण्यात येईल', की त्या लगेच विचारायच्या, "कोनाच्या हातानं?" सुरुवातीला लोकांना वाटायचं थट्टा आहे. पण त्या उत्तर मिळेपर्यंत सोडायच्या नाहीत. नाव सांगा, हात दाखवा. एका विस्तार अधिकाऱ्याने शेवटी वैतागून स्वतःचा उजवा हात वर केला, तेव्हा म्हणाल्या, "हा. आता होईन काम."

एवढ्यावरून त्या संतमहात्मा होत्या असं कोणी समजू नये. दुसऱ्याचं शेवटपर्यंत ऐका म्हणणाऱ्या या बाई फोनवर कोणाचं अर्धं वाक्यही ऐकायच्या नाहीत. "हं, हं, समजलं, ठेवा," आणि फोन बंद. काय समजलं ते देव जाणे. भाजीवालीशी त्या हमरीतुमरीवर यायच्या. वेळेच्या बाबतीत त्यांचा आनंदच होता. जेवणाची सुटी किती वाजता होईल हे आमच्या आचाऱ्याला कधीच कळलं नाही. आणि घरी? त्यांचे यजमान एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालेले, मिस्कील गृहस्थ. मी एकदा वरठीला त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. चिन्नोरचा भात, लाखोळीच्या डाळीचे वडे, आणि मॅडमचं अखंड बोलणं. मी दबक्या आवाजात त्यांना विचारलं, "घरी उलटी बैठक होते का?" ते म्हणाले, "होते ना जी. मी शेवटी बोलतो. आजून माही पारी आली नाई." मॅडम सगळ्यांत मोठ्यांदा हसल्या.

आता शिंद्यांबद्दल सांगतो.

शिंदे साहेब साताऱ्याकडचे. परीक्षा देऊन थेट गटविकास अधिकारी झालेले, वयाने तरुण, तडफदार. कामाचा उरक असा की फाईल त्यांच्या टेबलावर टेकायची नाही. आमच्या शिबिरात ते आपल्या तालुक्याची माणसं घेऊन आले. त्यात कविता शेंडे नावाची एक ग्रामसेविका होती. शांत मुलगी, काही सांगायचं असलं की शाळेतल्यासारखा हात वर करणारी. पहिल्या उलट्या बैठकीत मॅडमनी शिंद्यांच्या जिभेवर खडा ठेवला. पहिली दोन माणसं बोलली असतील नसतील, 'कुडुम' असा आवाज झाला. साहेबांनी खडा चावला होता आणि तोडगाही सांगून टाकला होता. सगळे हसले. दुसऱ्या बैठकीत पुन्हा कुडुम. तिसऱ्या दिवशी मॅडमनी डबीतला सगळ्यांत मोठा खडा शोधून दिला. त्याचंही तेच झालं.

गंमत म्हणजे शिंद्यांचा तोडगा बहुतेक वेळा बरोबर असायचा. मॅडमना हा मुलगा फार आवडायचा. सगळ्यांसमोर 'शिंदे साहेब' म्हणायच्या आणि एकटा असला की 'बाबू'. तो जेवला की नाही ते बघायच्या. शिबिर संपलं तेव्हा त्याच्या मूल्यमापनात त्यांनी उत्तम शेरा दिला. मी म्हटलं, "मॅडम, याने एकही खडा विरघळू दिला नाही."

"हुशार हाये, मेश्रामबाबू. घाई हाये त्याले. वय वाढलं का घाई जाते."

माझं वय वाढलं होतं, घाई काही गेली नव्हती.

त्या वर्षी पोळ्यानंतर पाऊस जो गेला तो परतलाच नाही. धान निसवायला आलेलं, म्हणजे लोंबी बाहेर पडण्याच्या बेताचं, आणि बांध्या, धानाची बांध घातलेली छोटी शेतं, कोरड्या पडायला लागलेल्या. आमच्याकडे अशा वेळी गावाच्या तलावाचाच आधार. शिंद्यांच्या तालुक्यात, कविताकडे असलेल्या एका गावात, तलावाचं पाणी सोडण्यावरून कुरबूर सुरू झाली, तेव्हा शिंदे स्वतः गेले. ग्रामपंचायतीत बैठक झाली. पुढच्या खुर्च्यांवर तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून शेती असलेले लोक बसले होते. शेवटच्या टोकाला ज्यांच्या बांध्या, ते दाराबाहेर उभे होते. शिंद्यांनी नकाशा बघितला, हिशेब केला आणि चहा यायच्या आत निर्णय देऊन टाकला. पाणी जवळच्या बांध्यांपासून सुरू करायचं, मग क्रमाने पुढे न्यायचं. वाटेत मुरून कमी वाया जाईल. कागदावर अगदी रास्त. कविताने हात वर केला. साहेब म्हणाले, "तुमचं नंतर घेऊ," आणि गाडीत बसले.

त्या गावची रीत वेगळी होती. टंचाईच्या साली तलावाचं तुडूम उघडलं, म्हणजे पाणी सोडायचं दार काढलं, की पाणी आधी पार शेवटच्या बांधीला न्यायचं आणि मग टोकाकडून तलावाकडे मागे मागे भिजवत यायचं. कारण पाट जवळच्यांच्या बांधावरूनच जातो, त्यांना केव्हाही घेता येतं. टोकाच्या माणसाला आधी मिळालं नाही तर मग मिळतच नाही. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती. साहेबांचा हुकूम झाल्यावर जवळच्यांनी, बिचाऱ्यांनी फार लबाडीही केली नाही, हुकूम होता तसं घेतलं. पाणी निम्म्यापर्यंत पोचलं आणि टोकाच्या बांध्यांना भेगा पडल्या. लोक भंडाऱ्याला आले, कचेरीसमोर बसले. वरून शिंद्यांना विचारणा झाली.

आणि मग सरकारी कामात होतं तेच झालं. उत्तराचा मसुदा तयार झाला. 'संबंधित ग्रामसेविकेने स्थानिक परिस्थिती वेळीच निदर्शनास आणून दिली नाही.' त्याच्या मागोमाग तिच्या निलंबनाचा प्रस्ताव.

कविता आमच्या केंद्रात आली ती थेट मॅडमच्या खोलीत गेली. रडली नाही. म्हणाली, "मॅडम, तुमी सांगतलं होतं खालच्यानं आधी बोलावं. मी बोलाले गेली. आता माही नोकरी जाऊन रायली." तिच्या घरी तीच एकटी कमावती होती, धाकट्या बहिणीचं शिक्षण चालू होतं. मॅडमनी तिला पाणी दिलं, बसवलं, आणि वर्गाबाहेर पहिल्यांदाच मी त्यांना कोणाचं बोलणं न तोडता शेवटपर्यंत ऐकताना बघितलं. वर्गात त्या शिकवण म्हणून ऐकायच्या. हे ऐकणं निराळं होतं, चेहरा उतरला होता त्यांचा.

शिंद्यांना त्यांनी बोलावून घेतलं. मी चहा घेऊन गेलो आणि दाराशीच थांबलो, जा म्हणून कोणी म्हटलं नाही. मला वाटलं, आता शुद्ध मराठी सुरू होणार. पण नाही.

"खुलाशात काय लिहून रायला, बाबू?"

"मॅडम, कार्यालयाने मसुदा केलाय. ग्रामसेविकेकडून कल्पना देण्यात आली नाही, असं नमूद करण्यात आलंय."

"कोनाच्या हातानं?"

शिंदे म्हणाले, "मॅडम, माझं परिविक्षेचं वर्ष आहे, अजून कायम झालेलो नाही. नोंद झाली तर पुढे फार अवघड होईल. तिला निलंबित केलं तरी चौकशी होऊन ती परत येईल. मी सांगतो ना, मी स्वतः बघीन तिचं."

हे त्यांनी लबाडीने म्हटलं नव्हतं. खरंच घाबरले होते. मॅडमनी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला.

"ठीक हाये. एक कर. गावात बैठक घे. जे लिहिलं ते तठी लोकायसमोर वाचून दाखव. मंग सही कर. मी कायी बोलनार नाई."

शिंद्यांनी कप बाजूला ठेवला. "तुम्ही याल?" त्यांनी विचारलं.

"येइन."

ठरलेल्या दिवशी मी त्यांना माझ्या मोटरसायकलवर नेलं. ऊन चांगलं तापलेलं, दोन्ही बाजूंना धान, कुठे हिरवं, कुठे पिवळट. मॅडम मागून मधेच म्हणाल्या, "मेश्रामबाबू, उलटी बैठक मी काढली असं तुमाले वाटते ना?"

"तुमचीच तर आहे."

"नाई जी. माह्या बाबाच्या गावी पानी असंच सोडत. शेपटाले पयले. बाबा म्हनत, तठी पोचलं म्हंजे सगळ्यायले पोचलं. मी तेच मानसायले लावलं. इतके वर्सं साहेबायले शिकवलं, पन हे कुठून आलं ते कोनाले सांगतलं नाई. अंगठ्याएवढ्या गोष्टीले मोठं नाव द्याची लाज वाटे. त्याले सांगतलं असतं तं..." मी आरशात बघितलं, त्या चष्मा पुसत होत्या. धूळ होती रस्त्याला, पण तेवढ्यासाठी नाही.

ग्रामपंचायतीत गर्दी होती. शिंद्यांनी आल्या आल्या एक काम केलं, टोकाच्या लोकांना आत बोलावून पुढे बसवलं. स्वतः बाजूच्या बाकड्यावर बसले. मॅडम बायकांच्या ओळीत, भिंतीला टेकून. कविता दाराजवळ उभी. शिंदे एवढंच म्हणाले, "आधी शेवटच्या बांधीचे बोलतील. मी सर्वांत शेवटी बोलेन."

आधी उठल्या सगुणाबाई. टोकाची बांधी त्यांची. त्यांनी साहेबांना, सरपंचाला, जवळच्या शेतकऱ्यांना, कोणालाच सोडलं नाही. "धान का नकाशात उगवते, साहेब? तुमी बाहेर यून पाह्यलं असतं तं आमी तठीच उभे होतो!" शिंद्यांच्या तोंडात खडा नव्हता. त्यांचे ओठ हलले, मी बघितलं. पण त्यांनी ते मिटून घेतले. मग दुसरे बोलले, तिसरे बोलले. एक आवाज चढला, दुसऱ्याने बसवला. जवळचे बोलले, आम्ही हुकुमाप्रमाणे घेतलं, आमचं काय चुकलं. सरपंच बोलले. कविता म्हणाली, "मी त्या दिवशी हात वर केला होता." तेवढंच बोलून ती परत दाराशी गेली.

आता एकटे साहेब उरले. शिंद्यांनी खिशातून कागद काढला.

त्याच वेळी मॅडम उठल्या. बायकांच्या मधून वाट काढत, पदर सावरत, आवाज न करता मागच्या दाराने बाहेर पडल्या. मला वाटलं बरं नाही की काय. मी धावत बाहेर गेलो. त्या रस्त्याला लागल्या होत्या.

"मॅडम, कुठे निघालात? आता तर ते बोलणार!"

"मनूनच निंगाली. बस येत असन माही."

"पण तुम्ही थांबायला पाहिजे. तुमच्यासाठीच तर त्याने हे..."

"तेच तं," त्या म्हणाल्या. "मी असली तं तो माह्याकडं पाहून बोलन. मले काहून सांगते तो? त्यायले सांगाचं हाये." आणि मला खोलीकडे हाताने ढकललं. "जा, तुमी बसा. चांगलं बोलला का वाईट, मले सांगू नका."

मी परतलो तेव्हा शिंदे उभे होते. त्यांची नजर बायकांच्या ओळीतल्या रिकाम्या जागेवर होती. क्षणभर त्यांचा चेहरा इतका उघडा पडला की मला त्यांच्याकडे बघवेना. मग त्यांनी मान वळवली आणि सगुणाबाईंकडे बघितलं.

"हा कागद तुम्हाला वाचून दाखवायला आणला होता," ते म्हणाले. "यात लिहिलंय की कविताताईंनी मला सांगितलं नाही. हे खरं नाही. त्या सांगत होत्या, मी ऐकलं नाही. तुम्ही बाहेर उभे होता, मी बघितलं नाही. निर्णय माझा होता आणि चूक माझी आहे. उद्या भंडाऱ्याला जाऊन मी हेच सांगणार आहे."

कविताने तोंडावर ओढणी घेतली. टाळ्याबिळ्या काही झाल्या नाहीत, हे बरंच झालं. सगुणाबाईच आधी भानावर आल्या.

"हे झालं जी. तलावात आजून पानी हाये थोडं. आता कोनाले सोडता?"

"तुम्ही सांगा," शिंदे म्हणाले, आणि खाली बसले.

दुसऱ्या दिवशी ते भंडाऱ्याला गेले आणि बोलल्याप्रमाणे सांगून आले. त्यांच्या नोंदीत ठपका बसला. कविता आजही ग्रामसेविका आहे, त्याच गावांची. टोकाचं धान निम्मं गेलं ते गेलंच, ते काही परत आलं नाही. मॅडम त्यानंतर वर्षभराने निवृत्त झाल्या आणि गेल्या हिवाळ्यात वारल्या. मला त्यांची फार आठवण येते. मंच आता कोणी हलवत नाही, फुलदाणी जिथल्या तिथे असते, आणि मला ते बघवत नाही.

पण मॅडम म्हटलं की मला ती दुपार दिसते. खोलीतून सगळे उठून तलावाकडे निघाले होते, सगुणाबाई पुढे, शिंदे मागे. मी दारात उभा होतो. रस्त्यावर एसटी आली, मॅडम गुडघ्यावर हात ठेवून पायरी चढल्या, खिडकीपाशी बसल्या. मला ओरडून सांगावंसं वाटलं, मॅडम, बोलला तो! पण सांगू नका म्हणाल्या होत्या. बस तलावाच्या पाळीच्या कडेने वळली. त्यांनी मागे वळून ग्रामपंचायतीकडे बघितलं नाही. काचेला कपाळ लावून त्या पाटाच्या शेवटच्या टोकाकडे बघत होत्या, जिथे बांध्या अजून कोरड्याच होत्या.